प्रीतीचा घास

इटली देशाच्या मध्यभागीं उंब्रिया नांवाचा एक डोंगराळ प्रांत आहे. त्याला समुद्रकिनारा नाहीं. ऑलिव्हचीं झाडें, द्राक्षांचे मळे आणि टेकड्यांच्या माथ्यावर वसलेलीं जुनीं गांवें हीच त्याची शोभा. या प्रांतांतील तेर्नी हें शहर पोलादाच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे; परंतु दरवर्षीं फेब्रुवारी महिन्यांत तेथील एका चर्चमध्यें जी गर्दी लोटते तिचा पोलादाशीं कांहींएक संबंध नसतो. विवाह ठरलेलीं तरुण जोडपीं गांवोगांवाहून तेथें येतात आणि संत व्हॅलेंटाइनच्या अस्थींसमोर उभीं राहून परस्परांना वचन देतात. या सोहळ्याला 'वचनाचा उत्सव' असेंच नांव आहे. १४ फेब्रुवारी हा दिवस आज जगांतील अनेक देशांत प्रेमिकांचा सण म्हणून साजरा होतो. तो ज्या संताच्या नांवानें ओळखला जातो, तो संत या तेर्नीचा बिशप होता अशी तेथील परंपरा आहे.

जगाच्या बाजारांत या सणाचें रूप आतां ठरून गेलें आहे. लाल गुलाब, चॉकोलेटची पेटी, मेणबत्तीच्या उजेडांत मांडलेलें मेज आणि त्यावर इटालियन पद्धतीचें जेवण! हें सारें इटलींत अनादि कालापासून चालत आलें असावें असें पुष्कळांना वाटतें. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. संत इटलीचा खरा. पण त्याच्या दिवसाशीं प्रीतीचा संबंध जोडल्याचा पहिला स्पष्ट दाखला मिळतो तो एका इंग्रज कवीच्या काव्यांत. इटलीची स्वतःची प्रीतीची परंपरा पाहूं गेल्यास ती या सणापेक्षां फार जुनी आहे, आणि ती देवळापेक्षां स्वयंपाकघरांत अधिक सांपडते.

प्रथम त्या संताचाच विचार करूं. त्याच्याविषयीं निश्चित माहिती फार थोडी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांचा छळ होत असतां या नांवाच्या एका धर्मगुरूचा शिरच्छेद झाला, असें परंपरा सांगते. रोमहून उत्तरेकडे जाणाऱ्या फ्लामिनियन रस्त्यालगत त्याचें दफन झालें, आणि चौथ्या शतकांत पोप ज्यूलियस यानें त्या जागीं चर्च बांधलें. जुन्या ग्रंथांत एक व्हॅलेंटाइन रोमचा पुरोहित म्हणून येतो, दुसरा तेर्नीचा बिशप म्हणून; ते दोघे भिन्न होते कीं एकाच पुरुषाच्या दोन कथा झाल्या, यावर विद्वानांचें एकमत नाहीं. सम्राट क्लॉडियसनें सैनिकांच्या विवाहास बंदी केली होती आणि हा साधु चोरून त्यांचीं लग्नें लावी, ही कथा सर्वश्रुत आहे; परंतु ती पुष्कळ उत्तरकालीन आहे, आणि तसा हुकूम निघाल्याचा समकालीन पुरावा नाहीं. कॅथॉलिक चर्चनें १९६९ सालीं आपल्या सार्वत्रिक पंचांगांतून हा सण गाळला, त्याचें कारणहि हेंच कीं नांव, दिवस आणि दफनाची जागा यांपलीकडे खात्रीचें असें कांहीं हातीं उरत नव्हतें.

कित्येक लेखक या सणाचें मूळ प्राचीन रोमच्या लुपर्कालिया उत्सवांत शोधतात. हा उत्सव १५ फेब्रुवारीस होई. पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशीं असलेल्या एका गुहेपाशीं बकऱ्यांचा व कुत्र्याचा बळी देत. मग त्या बकऱ्यांच्या कातड्याच्या वाद्या हातीं घेऊन तरुण लोक धांवत सुटत, आणि वाटेंत उभ्या राहिलेल्या स्त्रियांना त्यांचे फटके मारीत. त्या फटक्यांनीं वंध्यत्व जातें व प्रसूति सुखाची होते अशी समजूत असे. इ.स. पूर्व ४४ मध्यें याच उत्सवांत मार्क अँटनीनें ज्यूलियस सीझरपुढें राजमुकुट धरला होता. पुढें पांचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलॅसियसनें या उत्सवाचा निषेध केला. तेवढ्यावरून, त्यानेंच त्याच्या जागीं प्रेमिकांचा सण बसविला असें सांगण्यांत येतें. पण त्याला आधार नाहीं. संततीसाठीं केलेला विधि आणि दोन मनांच्या अनुरागाचा सण या दोन निराळ्या गोष्टी होत.

व्हॅलेंटाइनच्या दिवशीं पक्षी आपापले जोडीदार निवडतात, ही कल्पना चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेफ्री चॉसर या इंग्रज कवीनें आपल्या पक्ष्यांच्या सभेवरील काव्यांत मांडली. हा कवि राजाच्या कामगिरीवर १३७२-७३ सालीं जिनोआ व फ्लॉरेन्स येथें आणि १३७८ सालीं मिलान येथें जाऊन आला होता, आणि इटालियन कवींचें ऋण त्याच्या काव्यावर स्पष्ट दिसतें. एवंच, इटलीनें इंग्लंडला काव्य दिलें आणि इंग्लंडनें इटलीच्याच संताचा दिवस प्रेमिकांचा म्हणून नांवारूपास आणला. खुद्द इटलींत या सणाला आजचें रूप आलें तें विसाव्या शतकांत.

मग त्यापूर्वीं इटलींतील माणसें आपली प्रीति कशी प्रकट करीत? या प्रश्नाचें सर्वांत जुनें उत्तर एका भाकरींत आहे. प्राचीन रोममधील उच्च कुळांत विवाहाचा जो सर्वांत पवित्र विधि होता त्याला 'कॉन्फार्रेआत्सिओ' म्हणत. 'फार' हें एका जुन्या धान्याचें नांव. महाराष्ट्रांत ज्याला खपली गहूं म्हणतात त्याच जातीचें तें धान्य. त्याची भाकरी ज्यूपिटर देवाला अर्पण करीत आणि वधूवर ती वांटून खात. या प्रसंगीं रोमचा मुख्य धर्माधिकारी, ज्यूपिटरचा पुजारी आणि दहा साक्षीदार हजर असत. ज्यूपिटरच्या पुजाऱ्याचें पद मिळण्यास तो स्वतः अशा रीतीनें विवाहित झालेल्या मातापित्यांचा पुत्र असावा लागे. परंतु हा विधि फार कडक असल्यामुळें तो हळूहळू मागें पडला, आणि इ.स. २३ मध्यें सम्राट तिबेरियसच्या काळीं अशा तीन योग्य व्यक्ति मिळणेंहि कठीण झालें, असें इतिहासकार टॅसिटस सांगतो. विधि गेला, पण वधूवरांनीं एका अन्नाचे वांटेकरी व्हावें ही कल्पना गेली नाहीं. लग्नांत गोड वडीहि असे. द्राक्षाच्या ताज्या रसांत पीठ भिजवून, त्यांत बडीशेपेसारखें बीं, जिरें, चरबी व चीज घालून, खालीं सुगंधी पानें पसरून ती भाजावी, अशी कृति कॅटोच्या इ.स. पूर्व दुसऱ्या शतकांतील शेतकीच्या ग्रंथांत दिलेली आहे.

भाकरीनंतर कवीकडे वळूं. प्रेमशास्त्रावर लिहिणारा ओव्हिड हा इ.स. पूर्व ४३ मध्यें रोमच्या पूर्वेस डोंगरांत असलेल्या सुल्मोना गांवीं जन्मला. प्रेमिकाला त्यानें जे उपदेश केले आहेत त्यांतले कित्येक ताटाशीं संबंध असलेले आहेत. पंक्तींत बसलें असतां प्रियेच्या ओठांचा स्पर्श पेल्याला ज्या जागीं झाला असेल तेथूनच प्यावें. तिच्या बोटांनीं शिवलेला पदार्थ आपण उचलावा, असें तो सुचवितो. भेट मोलाची नसावी, पण नीट निवडलेली असावी. मोसमांत फळांची टोपली पाठवावी आणि ती आपल्याच मळ्यांतून आली असें सांगावें, मग ती शहराच्या भर बाजारांतून कां विकत घेतलेली असेना! दोन हजार वर्षांपूर्वींचा हा विनोद वाचला म्हणजे, प्रीति बाजारांत नेण्याचें पाप केवळ आजच्या काळाचें नाहीं, हें ध्यानांत येतें.

परंतु हाच कवि दुसऱ्या एका काव्यांत अगदीं निराळें चित्र काढतो. एका म्हाताऱ्या दरिद्री जोडप्याच्या, बॉकिस आणि फिलेमॉन यांच्या, झोंपडींत दोन वाटसरू येतात. ते खरे देव आहेत हें त्या दोघांना ठाऊक नसतें. म्हातारी विस्तव फुंकते, म्हातारा बागेंतली कोबी आणतो, आढ्याला टांगलेल्या जुन्या डुकराच्या मांसाचा तुकडा काढतो. डळमळत्या मेजाच्या पायाखालीं खापरी सारून तें सरळ करतात. शेवटीं घरांतला एकुलता एक हंसहि पाहुण्यांसाठीं कापायला ते निघतात; तो पळून देवांच्याच आश्रयाला जातो, आणि देव त्याला वांचवितात. वर मागा म्हटल्यावर तीं दोघें हेंहि मागतात कीं एकाचें मरण दुसऱ्याला पाहावें लागूं नये. मृत्यूच्या वेळीं त्यांचे शेजारीं शेजारीं उभे असे दोन वृक्ष होतात. ओव्हिडच्या नशिबीं मात्र असें सहमरण नव्हतें. प्रेमावरील त्याच्या काव्याचा रोष धरून सम्राट ऑगस्टसनें इ.स. ८ मध्यें त्याला काळ्या समुद्राच्या कांठीं तोमी येथें हद्दपार केलें. पत्नी रोममध्यें राहिली, आणि तो परक्या मुलखांत वारला.

त्याचें सुल्मोना गांव आज इटलीभर ओळखलें जातें तें एका मिठाईसाठीं. तिला 'कॉन्फेत्ती' म्हणतात. सोललेल्या बदामावर साखरेचे पातळ थर एकामागून एक चढवून ती तयार होते. भांडें सतत फिरत राहतें, पाकाचा थर बसतो, सुकतो, मग दुसरा. या कामाला घाई चालत नाहीं. तेथील पेलीनो घराण्याचा कारखाना १७८३ पासून चालत आला आहे. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना पांच बदामांची पुरचुंडी देण्याची रीत आहे. आरोग्य, संपत्ति, सुख, संतति आणि दीर्घायुष्य अशा पांच शुभेच्छा त्यांतून सूचित होतात. आणि पांच हा आंकडा दोन सारख्या भागांत वांटतां येत नाहीं, तसा हा संसारहि विभागला जाऊं नये, असा अर्थ त्याला जोडतात. आंतला बदाम किंचित् कडवट आणि वरची साखर गोड. संसारांत दोन्ही एकत्र यावयाचीं, ही समजहि त्यामागें आहे.

या साखरेला भारताचें नातें आहे. संस्कृत 'शर्करा' हा शब्द फारशींत 'शकर' झाला, अरबींत 'सुक्कर' झाला, आणि अरबांनीं सिसिली बेटांत ऊंस नेल्यावर इटालियन भाषेंत तो 'त्सुक्केरो' होऊन बसला. मराठींतली 'साखर' ही त्याच घराण्यांतली. त्यापूर्वीं इटलींतील पक्वान्नांना गोडी येई ती मधानें.

अन्न आणि प्रीति यांचा सर्वांत हृदयस्पर्शी संबंध मात्र लग्नाच्या मिठाईंत नाहीं, एका कथेंत आहे. १३४८ सालीं फ्लॉरेन्सवर प्लेगची भयंकर सांथ कोसळली. त्या पार्श्वभूमीवर जोव्हानी बोकॅचिओ यानें 'डेकॅमेरॉन' हा ग्रंथ रचला. सांथीपासून दूर गेलेलीं दहा तरुण माणसें दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात, अशी त्याची मांडणी आहे. त्यांतील पांचव्या दिवसाची नववी गोष्ट फेदेरिगो नांवाच्या तरुण सरदाराची आहे.

फेदेरिगोचें मन जोव्हान्ना नांवाच्या एका विवाहित, शीलवती स्त्रीवर जडलें. तिची नजर वळावी म्हणून त्यानें शर्यती लावल्या, मेजवान्या दिल्या, भेटी वांटल्या. ती ढळली नाहीं. त्याची संपत्ति मात्र गेली. शेवटीं एक लहानसें शेत आणि एक उत्कृष्ट ससाणा एवढेंच उरलें. त्या ससाण्याकडून शिकार करवून तो कसाबसा पोट भरी. कांहीं काळानें जोव्हान्नाचा पति वारला, आणि ती आपल्या लहान मुलासह त्याच्या शेताजवळ राहावयास आली. तो मुलगा आजारी पडला, आणि तो ससाणा मिळाला तर मी बरा होईन, असें त्यानें आईजवळ धरलें. आई मोठ्या संकोचांत पडली. ज्याला आपण कधीं एक दृष्टिक्षेपहि दिला नाहीं, त्याच्याजवळ त्याचा एकुलता आधार कसा मागावा? पण मुलाच्या प्राणापुढें संकोच टिकला नाहीं. एके सकाळीं एका सखीला बरोबर घेऊन ती त्याच्या दारीं गेली आणि म्हणाली, आज आम्ही तुमच्याकडे जेवावयास आलों आहों.

फेदेरिगोला आनंद झाला आणि त्याबरोबरच आपल्या दारिद्र्याची खरी ओळख पटली. घरांत पैसा नव्हता, गहाण ठेवण्याजोगी वस्तु नव्हती, आणि दुसऱ्यापुढें हात पसरणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. त्याची दृष्टि दांडीवर बसलेल्या ससाण्याकडे गेली. तो पुष्ट होता. दुसरा विचार न करितां त्यानें त्याची मान मुरगळली, दासीकडून तो सोलवून भाजविला, आणि घरांतला शेवटचा स्वच्छ पांढरा रुमाल मेजावर पसरून हंसतमुखानें तिला जेवावयास बसविलें. जेवण झालें. मग तिनें आपल्या येण्याचें कारण सांगितलें, आणि तो ससाणा मागितला.

फेदेरिगो रडूं लागला. आपला आवडता पक्षी द्यावा लागतो म्हणून तो रडतो आहे असें तिला प्रथम वाटलें. त्यानें खरी गोष्ट सांगितली आणि पिसें, पाय व चोंच तिच्यासमोर आणून ठेवलीं. पुढें थोड्याच दिवसांत तो मुलगा वारला. कालांतरानें भावांनीं तिला पुनर्विवाहाचा आग्रह केला, तेव्हां तिनें फेदेरिगोचेंच नांव घेतलें. तो निर्धन आहे असें भाऊ म्हणाले. पण तिच्या लेखीं त्याचें मोल त्याच्या धनावर अवलंबून नव्हतें. पूर्वींच्या सर्व मेजवान्यांनीं जें साधलें नाहीं तें या एका जेवणानें साधलें, पण तें जेवण व्हावयास नको होतें, ही या कथेची वेदना आहे. दान खरें होतें, तरी तें योग्य वेळीं योग्य हातीं पडलें नाहीं. केवळ त्याग म्हणजे प्रीति नव्हे. ज्याच्यासाठीं त्याग करावयाचा त्याला काय हवें आहे हें आधीं ऐकून घ्यावें लागतें.

याच ग्रंथांत मेसिना शहरांतील लिझाबेत्ताची कथा आहे. तिच्या भावांनीं तिच्या प्रियकराला गुपचूप मारून पुरलें. त्यानें स्वप्नांत येऊन जागा सांगितली. तिनें त्याचें मस्तक आणून एका कुंडींत पुरलें, वर बेसिलचें रोप लावलें, आणि तें आंसवांनीं वाढविलें. भावांनीं ती कुंडी हिरावून नेतांच तिनें प्राण सोडला. बेसिल ही तुळशीची जवळची बहीण. मराठी घरांत उन्हाळ्यांत सरबतांत घालतात तो सब्जा याच वनस्पतीचें बीं. इटलींतील जेवणांत हीं पानें आज घरोघर वापरलीं जातात; परंतु त्यांच्या सुगंधाला अशी एक करुण आठवण चिकटलेली आहे.

सर्वच कथा कांहीं अशा शोकपूर्ण नाहींत. बोलोन्या व मोदेना या दोन शहरांच्या मधल्या एका खाणावळींत व्हीनस देवी उतरली होती, आणि खोलीच्या किल्लीच्या छिद्रांतून दिसलेल्या तिच्या बेंबीचा आकार खाणावळवाल्यानें कणकेंत उतरविला, तोच 'तोर्तेल्लीनी' हा पदार्थ, असें तेथील लोक हंसत हंसत सांगतात. पिदमोंत प्रांतांतील तोर्तोना गांवीं दोन लहान गोल बिस्किटें मध्यें चॉकोलेट घालून ओठांप्रमाणें जोडतात आणि त्यांना 'स्त्रीचें चुंबन' म्हणतात.

आतां पुन्हां उंब्रियांत, तेर्नीच्या उत्तरेस असलेल्या पेरूजा शहरीं जाऊं. तेथें १९०७ सालीं 'पेरूजीना' ही मिठाईची कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकीं आन्नीबाले स्पान्योली याची पत्नी लुइझा ही सामान्य घरांतली, पण असामान्य बुद्धीची स्त्री होती. पहिल्या महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेले असतां कारखान्याचा भार तिनें स्त्रियांच्या साहाय्यानें वाहिला, आणि कामकरणींच्या मुलांसाठीं कारखान्यांतच बालगृह काढलें. कारखान्यांत हेझलनट या कवचाच्या फळाचा बराच चुरा वायां जाई. तो चॉकोलेटांत मिसळून, वर एक सबंध फळ बसवून, तिनें १९२२ सालीं एक नवी वडी तयार केली. तिचा उंचसखल आकार मिटलेल्या मुठीसारखा दिसे. म्हणून तिला प्रथम 'ठोसा' या अर्थाचें नांव मिळालें. कंपनीचा तरुण चालक जोव्हानी बुइतोनी याला तें रुचलें नाहीं. दुकानांत जाऊन गिऱ्हाइकानें ठोसा कसा मागावा? त्यानें तें नांव बदलून 'बाचो', म्हणजे चुंबन, असें ठेवलें.

पुढें चित्रकार फेदेरिको सेनेका यानें त्या पेटीवर तारांकित रात्रीखालीं आलिंगन देणारें एक युगुल काढलें. फ्रांचेस्को हायेझ याचें १८५९ सालचें 'चुंबन' हें चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयांत आहे; त्यावरून ही कल्पना सुचली. हायेझच्या चित्रांतील तरुणाचा एक पाय पायरीवर आहे. तो निघण्याच्या घाईंत आहे. त्या वर्षीं इटली परकीय सत्तेविरुद्ध युद्ध करीत होती, आणि पाहणाऱ्यांनीं तो प्रियेचा निरोप घेणारा देशभक्त असें ओळखलें. वडीच्या वेष्टणांत प्रेमवचनाची चिठ्ठी घालण्याची रीतहि सेनेकाच्याच नांवावर सांगतात. पेरूजांत मात्र दुसरी कथा प्रचलित आहे. लुइझा आणि तिच्याहून चौदा वर्षांनीं लहान असलेला जोव्हानी यांचें एकमेकांवर प्रेम होतें, आणि नव्या मिठाईचे नमुने त्याच्याकडे पाठवितांना ती आंत चिठ्ठ्या ठेवी. त्या दोघांनीं आपल्या प्रेमाचा कधीं गाजावाजा केला नाहीं. लुइझा १९३५ सालीं वारली. वायां जाणाऱ्या चुऱ्यांतून तिनें केलेली ती वडी आज १४ फेब्रुवारीस लाखो हातांतून फिरते. ती देणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच तिचें नांव ठाऊक असतें.

खपली गव्हाची भाकरी, म्हाताऱ्यांचा हंस, फेदेरिगोचा ससाणा, सुल्मोनाचा बदाम आणि पेरूजाचा चॉकोलेटचा तुकडा यांच्यामध्यें दोन हजार वर्षांचें अंतर आहे. यांतील कांहीं वस्तु विकत मिळतात, कांहीं मिळत नाहींत. परंतु जें आहे त्यांतला वांटा दुसऱ्याच्या पानांत घालावयाचा, ही रीत सर्वांत सारखीच दिसते. तेर्नीच्या चर्चमध्यें वचन देऊन बाहेर पडणारीं जोडपींहि अखेर घरीं जातात आणि जेवावयास बसतात. दिलेल्या वचनाची परीक्षा तेथूनच सुरू होते.